बेल रॉकचा दीपस्तंभ

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रप्रवास म्हणजे जिवावरचे काम होते. जहाजे शिडांची असत आणि वाऱ्याच्या मर्जीने चालत. वादळाने एकदा गाठले, म्हणजे जहाज कोणीकडे फेकले जाईल ह्याचा नेम नसे. आज जहाजावर बिनतारी यंत्रे असतात. आपण नेमके कोठे आहोत, हे उपग्रहांच्या साहाय्याने कप्तानाला क्षणात कळते. त्या काळी ह्यांपैकी काहीच नव्हते. दिवसा सूर्य आणि रात्री तारे पाहून कप्तान आपले स्थान ठरवी. आभाळ भरून आले की त्याला निव्वळ अंदाजावर विसंबावे लागे. अशा अंधाऱ्या रात्री किनारा जवळ येऊ लागला, की खलाशांच्या मनात धडकी भरे. खोल समुद्रापेक्षा किनाऱ्यालगतचे खडकच त्यांना अधिक भयंकर वाटत.

असाच एक कुप्रसिद्ध खडक स्कॉटलंडच्या पूर्वेस, उत्तर समुद्रात आहे. त्याचे जुने नाव इंचकेप. पण लोक त्याला बेल रॉक, म्हणजे घंटेचा खडक, असे म्हणतात. आर्ब्रोथ नावाच्या बंदरापासून तो सुमारे ११ मैल दूर, भर समुद्रात आहे. फोर्थ आणि टे ह्या नद्यांच्या रुंद मुखांकडे जाणाऱ्या जहाजांचा मार्ग त्याच्या जवळूनच जातो. ओहोटीच्या वेळी ह्या खडकाची पाठ चार-पाच फूट पाण्याबाहेर येते. भरती आली, म्हणजे त्याच्यावर सुमारे १२ फूट पाणी चढते आणि तो पार दिसेनासा होतो. समोर दिसणारा शत्रू टाळता येतो. हा शत्रू मात्र दिवसातून दोन वेळा पाण्याखाली दडून बसे.

ह्या खडकाच्या नावामागे एक दंतकथा आहे. फार पूर्वी आर्ब्रोथच्या मठातील एका महंताने खलाशांची दया येऊन तेथे एक मोठी घंटा बसविली होती, असे सांगतात. लाटांच्या हेलकाव्याने ती वाजे आणि खलाशी सावध होत. पुढे राल्फ नावाच्या एका समुद्रचाच्याने खोडसाळपणाने ती घंटा काढून बुडविली. वर्षभराने तोच चाचा लूट घेऊन परत येत असता दाट धुक्यात सापडला आणि त्याचे जहाज त्याच खडकावर आपटून फुटले. ही कथा खरी असो वा नसो, तिच्यातील भीती खरी होती. रॉबर्ट सदे ह्या इंग्रज कवीने ह्या कथेवर रचलेली कविता पुष्कळ प्रसिद्ध आहे.

इ. स. १७९९ च्या डिसेंबर महिन्यात ह्या किनाऱ्यावर भयंकर वादळ झाले. त्यात सुमारे ७० जहाजांचा नाश झाला. ह्यांतील कित्येक जहाजांना फोर्थ नदीच्या मुखात शिरून आसरा घेता आला असता. पण वाटेत बेल रॉक आहे, आणि काळोखात तो दिसणार नाही, ह्या धास्तीने त्यांनी तिकडे वळण्याचे धाडस केले नाही. मग वाऱ्याने त्यांना दुसऱ्या खडकांवर नेऊन आदळले. ज्यांची जहाजे त्याला लागली, त्यांना तर ह्या खडकाने बुडविलेच. पण जे त्याला भिऊन दूर राहिले, तेही वाचले नाहीत.

ह्या खडकावर दीपस्तंभ उभारावा, असे ज्याच्या मनाने घेतले, तो रॉबर्ट स्टीव्हन्सन नावाचा तरुण अभियंता होता. त्याचा जन्म १७७२ साली ग्लासगो येथे झाला. तो तान्हा असतानाच त्याचे वडील वारले आणि आईने मोठ्या कष्टाने त्याला वाढविले. पुढे तिने टॉमस स्मिथ नावाच्या एका कुशल दिवे बनविणाऱ्या गृहस्थाशी विवाह केला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील दीपगृहांचे काम ह्या स्मिथकडे होते. रॉबर्ट त्याच्या हाताखाली तयार झाला. उन्हाळ्यात तो दीपगृहांवर राबे आणि हिवाळ्यात अभ्यास करी.

इ. स. १८०० मध्ये स्टीव्हन्सन प्रथमच बेल रॉकवर उतरला. ओहोटीचा थोडाच वेळ हाती होता. तेवढ्यात तो खडकाची पाहणी करू लागला आणि त्याच्याबरोबर आलेले कोळी खडकाच्या कपारी धुंडाळू लागले. त्यांना तेथे काय सापडले? बुटाचे एक बक्कल, दाराचे कुलूप, काही नाणी, एक संगीन आणि तोफेचा एक गोळा. कोण्या काळी कोण्या माणसाने ते बक्कल आपल्या बुटाला लावले असेल, ते कुलूप कोणाच्या खोलीचे असेल, हे सांगावयास कोणीच उरले नव्हते. खडकाने गिळलेल्या जहाजांची जणू ती यादीच होती.

दीपस्तंभाची गरज सर्वांना पटत होती. पण तो बांधता येईल, ह्यावर फार थोड्यांचा विश्वास होता. जो खडक दिवसाचा बहुतेक काळ पाण्याखाली असतो, त्यावर पाया तरी कसा खोदावा? शिवाय खर्चही अफाट होता. १८०३ साली ह्या कामासाठी पार्लमेंटात मांडलेले विधेयक नामंजूर झाले. पुढच्याच वर्षी, १८०४ च्या जानेवारीत, ‘यॉर्क’ नावाची ६४ तोफांची युद्धनौका उत्तर समुद्रात नाहीशी झाली. तिच्यावरील सुमारे ५०० माणसांपैकी एकही परत आला नाही. ती बेल रॉकवर आपटूनच बुडाली असावी, असे लोकांचे मत पडले. जे काम वर्षानुवर्षे खर्चाच्या भीतीने अडले होते, त्याची निकड आता सर्वांना जाणवली. अखेर १८०६ साली कायदा मंजूर झाला. जॉन रेनी ह्या नामांकित अभियंत्याला मुख्य अभियंता नेमण्यात आले आणि प्रत्यक्ष खडकावर राहून काम करून घेण्याची जबाबदारी स्टीव्हन्सनवर आली.

१८०७ च्या ऑगस्ट महिन्यात कामाला आरंभ झाला. काम करावयाचे ते केवळ ओहोटीच्या वेळी. खडक उघडा पडला, की पाथरवट, सुतार आणि लोहार होड्यांतून त्यावर उतरत. कधी दोन तास, कधी त्याहूनही कमी वेळ मिळे. समुद्राचे पाणी पुन्हा चढू लागले, की अवजारे आवरून होडीत बसावे लागे. पुढच्या ओहोटीला परत येऊन पाहावे, तो खणलेल्या खड्ड्यांत पाणी तुडुंब भरलेले असे. ते उपसून काढल्याशिवाय टिकाव मारता येत नसे. खडक इतका कठीण होता, की टिकावांची टोके पाहता पाहता बोथट होत. त्यांना धार लावण्यासाठी लोहाराने खडकावरच भट्टी मांडली होती. पुष्कळदा लोहार गुडघाभर पाण्यात उभा राहून घण घाली आणि एखादी लाट येऊन त्याची भट्टी विझवून जाई. मजुरांचा मुक्कामही जमिनीवर नव्हता. खडकापासून काही अंतरावर नांगरून ठेवलेल्या एका जहाजावर ते राहत. ते जहाज लाटांवर असे काही डोले, की धट्टीकट्टी माणसेदेखील अंथरुणाला खिळत.

अशा स्थितीत २ सप्टेंबर १८०७ चा दिवस उजाडला. त्या दिवशी खडकावर स्टीव्हन्सनसह ३२ माणसे होती. त्यांना घेऊन आलेले ‘स्मीटन’ नावाचे गलबत जवळच नांगरले होते. वारा एकाएकी वाढला. नांगराची पकड सुटली आणि गलबत वाऱ्याबरोबर दूर दूर जाऊ लागले. भरती येण्यापूर्वी ते परत येऊ शकणार नाही, हे स्टीव्हन्सनने ओळखले. पाथरवट खाली वाकून खणण्यात गढले होते. त्यांना ह्याची वार्ताही नव्हती. खडकाजवळ दोनच होड्या होत्या. चांगल्या हवेतही त्यांत २४ माणसांहून अधिक बसू शकली नसती. त्या दिवशीच्या खवळलेल्या समुद्रात तर प्रत्येक होडीत आठच माणसे नेणे शहाणपणाचे ठरले असते. म्हणजे निम्म्या माणसांना जागाच नव्हती. आणि तीन-चार तासांत तेथे पुरुषभर उंचीहून अधिक पाणी चढणार होते.

पाणी चढू लागले. माणसे नेहमीप्रमाणे होड्यांकडे आली. त्यांनी गलबताच्या जागेकडे पाहिले आणि सारे समजून चुकले. कोणी ओरडले नाही, कोणी होडीकडे धावले नाही. सर्वजण स्टीव्हन्सनच्या तोंडाकडे पाहत स्तब्ध उभे राहिले. प्रत्येकाने अंगावरचे जड कपडे काढून होड्यांच्या कडांना धरून तरंगावे, आणि होड्यांनी हळूहळू राहत्या जहाजाकडे जावे, असा बेत स्टीव्हन्सनने मनाशी केला होता. तो सांगण्यासाठी त्याने तोंड उघडले. पण घसा इतका कोरडा पडला होता, की शब्दच फुटेना. खडकावरील डबक्यातले खारट पाणी तोंडात घ्यावे म्हणून तो खाली वाकला. इतक्यात कोणीतरी ओरडले, “होडी! होडी!”

खरोखरच धुक्यातून एक मोठी होडी खडकाकडे येत होती. आर्ब्रोथचा वाटाड्या नावाडी जेम्स स्पिंक हा पत्रे पोचविण्यासाठी योगायोगाने तिकडे आला होता. त्याच्या होडीत काही माणसे चढली, उरलेली दोन होड्यांत वाटली गेली आणि सर्व ३२ जण वाचले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याची वेळ आली, तेव्हा केवळ आठच माणसे होडीत उतरली. उरलेल्यांच्या मनातील भीती अजून गेली नव्हती. स्टीव्हन्सनने कोणालाही रागे भरले नाही. त्या आठांना घेऊन तो खडकावर गेला. काम करून ते सुखरूप परतले, तेव्हा मागे राहिलेल्यांनाही धीर आला आणि तेही पुन्हा कामावर जाऊ लागले. ह्या प्रसंगावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. खडकावरच आसऱ्याची जागा असणे अत्यावश्यक होते. म्हणून जाड तुळयांचे एक उंच मचाण खडकात पक्के रोवण्यात आले. पुढे त्याच्यावर लाकडी खोल्या बांधल्या आणि खाली लाटा आदळत असता मजूर त्या खोल्यांतून राहू लागले.

दीपस्तंभाचे दगड खडकावर घडविणे शक्यच नव्हते. ते आर्ब्रोथ येथील कार्यशाळेत घडविले जात. प्रत्येक दगडाचा आकार आधी आखून घेत. एका दगडाच्या बाजूला पुढे रुंद होत गेलेली जीभ आणि शेजारच्या दगडाला नेमकी तशीच खोबण अशी त्यांची रचना असे. असे दगड एकमेकांत बसले, म्हणजे कोणताही एक दगड लाटेला ओढून काढता येत नाही. प्रत्येक थर प्रथम कार्यशाळेत मांडून पाहत, दगडांवर खुणा घालीत आणि मगच ते गलबतावर चढवीत. कार्यशाळेपासून बंदरापर्यंत दगडांची गाडी ओढण्याचे काम बासी नावाच्या एका घोड्याने केले. दीपस्तंभाला २,८०० हून अधिक दगड लागले. ते सारे ह्या मुक्या प्राण्याने बंदरावर पोचविले.

दीपस्तंभाचा तळ ४२ फूट व्यासाचा होता आणि वर जाताना तो झाडाच्या बुंध्याप्रमाणे निमुळता होत गेला होता. अशा आकारामुळे लाटेचा जोर एका ठिकाणी न बसता बाजूंनी वाहून जातो. खालचा ३० फुटांचा भाग आतून भरीव ठेवला होता. १८०८ साली पहिला दगड बसविण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरीस इमारत जेमतेम काही फूटच वर आली होती. परंतु हिवाळ्यातील वादळांना ती पुरून उरली. पुढील दोन उन्हाळ्यांत काम झपाट्याने वाढले आणि १८१० च्या जुलै महिन्यात दगडी बांधकाम पुरे झाले.

ह्या कामाने बळीही घेतले. १८०८ साली जेम्स स्कॉट नावाचा एक तरुण खलाशी होडी उलटून बुडाला. त्याचे वडील त्या वेळी फ्रान्समध्ये कैदेत होते आणि आईला व भावंडांना त्याचाच आधार होता. त्याच्या जागी कोण येणार, असा प्रश्न पडला असता त्याचाच धाकटा भाऊ पुढे आला. आईने एक मुलगा समुद्राला दिला होता. तरी दुसऱ्यालाही तिने त्याच कामावर पाठविले. दीपस्तंभाच्या कीर्तीत स्टीव्हन्सन आणि रेनी ह्यांच्या नावांबरोबर ह्या मातेचेही स्मरण ठेवले पाहिजे.

१ फेब्रुवारी १८११ ह्या दिवशी सायंकाळी बेल रॉकवर प्रथम दिवा लागला. तेलाच्या २४ दिव्यांमागे चांदीचा मुलामा दिलेले अंतर्गोल आरसे बसविले होते. यंत्राच्या साहाय्याने हे दिवे फिरत आणि दूरच्या खलाशांना आळीपाळीने तांबडा व पांढरा प्रकाश दिसे. त्यामुळे हा बेल रॉकचाच दिवा, हे त्यांना निःशंकपणे ओळखता येई. धुक्यात प्रकाश दूरवर दिसत नाही. म्हणून दिवे फिरविणाऱ्या यंत्रालाच दोन मोठ्या घंटा जोडल्या होत्या. कथेतील महंताची घंटा अशा रीतीने पुन्हा त्या खडकावर वाजू लागली. सुमारे ४२,००० पौंडांचा अंदाज असलेल्या ह्या कामाला अखेरीस ६१,००० हून अधिक पौंड खर्च आला.

हा खर्च सार्थकी लागला काय? बुडालेल्या जहाजांची मोजदाद करता येते. पण जी जहाजे बुडाली नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार? जे खलाशी दिवा पाहून दुरून निघून गेले आणि घरी जाऊन मुलाबाळांत बसले, त्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत. तथापि एका प्रसंगाने ह्या दिव्याचे मोल जगाला दाखवून दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रूला उपयोग होऊ नये, म्हणून हा दिवा विझवून ठेवीत आणि आवश्यक तेव्हाच लावीत. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘अर्गाइल’ ही युद्धनौका वादळी रात्री त्या बाजूने जात होती. दिवा लावावा, असा निरोप तिच्या कप्तानाने पाठविला होता. परंतु दीपस्तंभावर बिनतारी यंत्र नव्हते आणि वादळामुळे तो निरोप तेथे पोचू शकला नाही. दिवा लागला नाही, आणि ती प्रचंड नौका थेट बेल रॉकवर जाऊन आदळली. सुदैवाने मदतीला आलेल्या दोन नौकांनी तिच्यावरील साडेसहाशेहून अधिक माणसांना वाचविले. इतकी वर्षे जो दिवा गाजावाजा न करता पहारा देत होता, त्याचे काम तो विझल्यावरच लोकांच्या डोळ्यांत भरले.

रॉबर्ट स्टीव्हन्सनने पुढे आणखी कितीतरी दीपगृहे बांधली. त्याचे मुलगे आणि नातूही ह्याच कामात नावाजले. ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी लिहिणारा प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच नातू. स्टीव्हन्सन १८५० साली वारला. परंतु त्याचा दीपस्तंभ अजून उभा आहे. भर समुद्रात लाटांचा मारा सोसणाऱ्या, आजही उभ्या असलेल्या दीपस्तंभांत तो जगातील सर्वांत जुना समजला जातो. १९८८ पासून तेथे रखवालदार राहत नाहीत. दिवा आपोआप लागतो. दिव्यांची यंत्रे बदलली. पण आर्ब्रोथच्या पाथरवटांनी एकमेकांत गुंतवून बसविलेले दगड दोनशेहून अधिक वर्षे आपल्या जागी घट्ट आहेत.

मोठे काम एका दिवसाच्या पराक्रमाने होत नाही. दोन तास मिळाले, तर दोन तास काम करावे. समुद्राने खड्डा भरून टाकला, तर तो पुन्हा उपसावा. आणि भीती वाटली, तरी दुसऱ्या दिवशी होडीत पाय ठेवावा. बेल रॉकवरील माणसांनी हेच केले. ज्यांचे प्राण ह्या दिव्याने वाचले, त्या खलाशांना ही माणसे कधी दिसली नाहीत. त्यांना दिसला तो फक्त दूरवर, काळोखात, पाळीपाळीने उजळणारा तांबडा आणि पांढरा प्रकाश.

स्वाध्याय

१. बेल रॉक हा खडक जहाजांना विशेष धोक्याचा का होता?
२. १७९९ च्या वादळात बेल रॉकपासून दूर राहिलेली जहाजेही का बुडाली?
३. २ सप्टेंबर १८०७ रोजी घडलेला प्रसंग आपल्या शब्दांत सांगा. ह्या वेळी मजुरांच्या अंगचे कोणते गुण दिसून आले?
४. दीपस्तंभाचे दगड लाटांनी निखळू नयेत, म्हणून कोणती योजना केली होती? आकृती काढून दाखवा.
५. ‘बुडालेल्या जहाजांची मोजदाद करता येते, पण जी जहाजे बुडाली नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धडकी भरणे, पुरून उरणे, सार्थकी लागणे, डोळ्यांत भरणे.
७. आपल्या गावात किंवा शहरात गाजावाजा न करता लोकांचे रक्षण करणारी माणसे कोणती? त्यांच्यापैकी एकाच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.